प्रश्न सतरावा

प्रश्न मी लिहिले होते. सगळे चाळीस.
वर नाव: ‘तुम्ही कोणता समुद्रपक्षी आहात?’
खाली निळ्या पाण्यावर एक गुबगुबीत पफिन.
लोकांना पक्षी व्हायला आवडतं.
आठवड्याभरात दोन लाख माणसं पक्षी झाली.

सतरावा असा होता:
अंथरुणात शिरल्यावर पुन्हा उठून
दाराची कडी बघून येता का?
कधीच नाही. कधीकधी. रोज. रोज, एकाहून जास्त वेळा.

ग्रिम्सबीच्या हेझल स्टॅनिलँडने शेवटचं दाबलं
रात्रपाळीच्या सुट्टीत, पावणेतीनला,
हॅडॉक सोलून बधिरलेल्या अंगठ्याने.
स्क्रीनला तो अंगठा ओळखू येईना,
म्हणून एप्रनला पुसून तिने तो पुन्हा टेकवला.
हे तिने मला नंतर सांगितलं.
आमच्याकडे नुसती वेळ होती.

ती सुरय निघाली. खूश झाली, मैत्रिणींना पाठवलं.
तिच्यामागून तिच्या दोनशे अकरा ओळखी
न बोलावता आत आल्या,
मांडवात शिरलेल्या पोरांसारख्या.

तक्त्यात एक रकाना होता: भय.
हेझलपुढे नव्वद.

पूर्वी कुणाचे कान भरायचे तर
उठून त्याच्या दारी जावं लागायचं,
त्याचा चहा प्यावा लागायचा,
निदान नजर तरी चुकवावी लागायची.
मी लीड्समध्ये तिसऱ्या मजल्यावर
हीटरला पाय टेकून एक चित्र निवडलं.
रात्र. पायरी. अर्धवट उघडं दार.
खाली तीन शब्द: आत कोण शिरतंय?
पक्षाचं नाव नाही. तशी अटच होती.

हे फक्त सत्तरच्या वरच्यांना.
पलीकडच्या घरातला पोरगा, रकाना ‘कंटाळा’,
त्याला आम्ही सांगितलं: सगळे सारखेच, झोप तू.
आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या डानुटाला
काहीच दाखवलं नाही. तिला मत नव्हतं.

एकेचाळीस रात्री. तेच दार.

आम्ही जिंकलो. केक आला, पफिनच्या आकाराचा.
चोच माझ्या वाट्याला आली.

चौकशी बसली, कंपनीने पाटी बदलली, मी नोकरी सोडली.
आणि एका मंगळवारी गाडी पकडून ग्रिम्सबीला गेलो.
पत्ता माझ्याकडे होताच.

‘दार?’ हेझल म्हणाली. ‘ते आईसाठी.’
आई विसरायला लागली होती.
रात्री उठून अनवाणी बंदराकडे निघायची,
चाळीस वर्षांपूर्वी बुडालेली बोट
आज येईल म्हणून.
तीनदा डानुटाने तिला हाताला धरून आणलं,
एकदा तर स्वतःचे मोजे तिच्या पायात घालून.

काळजीला आमच्याकडे रकाना नव्हता.
कुठे बसेना ते भयात टाकायचं, एवढं मला शिकवलं होतं.

मी विचारलं, डानुटा भेटते?
तिने किटली लावली.
पाणी नुकतंच उकळून झालं होतं.
‘गेली ती, पोलंडला. भांडण वगैरे काही नाही.
मागच्या कुंपणाची एक फळी निघालेली असायची,
तिकडून ती यायची. त्या वर्षी मी ती बसवून घेतली.
का, आता आठवत नाही. वारा येत असेल.’

मी चित्र पुढे केलं.
तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.
‘हे मी कधी बघितलेलं नाही.’
मग जरा रागानेच:
‘आणि मला कुणी शिकवलेलं नाही.
माझं मत मी ठरवलं.’

सांगायला आलो होतो ते
चहाबरोबर गिळून उठलो.

मागे कडी लागल्याचा आवाज झाला.
पायरीवर वाकून मी बुटाची नाडी बांधत होतो,
तेवढ्यात ती पुन्हा चाचपली गेली.
मग पुन्हा एकदा.

आई जाऊन चौदा महिने झाले होते.